ड्रिपर तुंबलाय का, ते वाटीने तपासा

ठिबकचं पाणी पडताना दिसतं, म्हणून झाडाला पुरेसं मिळतंय असं समजू नका. महिन्यातून एकदा ड्रिपरखाली, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या छोट्या तोटीखाली, वाटी ठेवून मोजा: ताशी 2 लिटरच्या ड्रिपरमधून 3 मिनिटांत साधारण 100 मिलि पाणी यायला हवं. बरंच कमी आलं तर ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, क्षार सुटतात. सुई मात्र घालू नका. छिद्र मोठं होतं आणि मग त्या एकाच कुंडीत जास्त पाणी जातं. नळाजवळची फिल्टरची जाळी दर पंधरवड्याला धुवा. नळीच्या टोकाची बंद टोपी उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. हे बहुतेक जण विसरतात, आणि गाळ नेमका तिथेच साठतो.