जुना फोन चपळ वाटावा म्हणून
अँड्रॉइड फोन संथ वाटू लागला की नवा घेण्याआधी हे करून बघाच. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘बिल्ड नंबर’वर सलग 7 वेळा टॅप करा (सॅमसंगमध्ये तो ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत असतो). मग ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ दिसू लागतात. तिथे बरंच खाली विंडो, ट्रान्झिशन आणि अ‍ॅनिमेटर अशी तीन स्केल (स्क्रीनवरच्या हालचालींना लागणारा वेळ ठरवणारी) आहेत. तिन्ही 1 वरून 0.5 वर आणा. प्रोसेसरचा वेग वाढत नाही, पण स्क्रीन सरकण्यात जाणारा वेळ निम्मा होतो. आईच्या जुन्या फोनवर केलं, तेव्हा बॅक दाबताक्षणीच फरक जाणवला. बाकी कशाला हात लावू नका. विशेषतः यूएसबी डिबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकावरून फोन हाताळू देणारी सोय) बंदच ठेवा. ते चालू असलं की काही बँकांची अ‍ॅप्स उघडतच नाहीत.