ओहोटीला खडकांवर: सोसायटीतल्या पोरांना मुंबईचा समुद्र कसा दाखवायचा

मुंबईतल्या पोरांना समुद्र म्हणजे संध्याकाळी कट्ट्यावर बसून कणीस खायची जागा एवढंच माहीत असतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, आपणच त्यांना भर गर्दीत नाहीतर भरतीच्या वेळी नेतो, मग दिसणार काय डोंबल. तेच कार्टर रोड किंवा बँडस्टँडचे काळे खडक पाणी पूर्ण ओसरल्यावर बघा. डबक्या-डबक्यात खेकडे, कोळंबीची पिल्लं, फुलासारखे दिसणारे पण खरे प्राणी असलेले सी ॲनिमोनी, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घुसून राहणारे हर्मिट क्रॅब, नशीब जोरावर असेल तर एखादा ऑक्टोपस. तिकीट नाही, बस ठरवायला नको. फक्त वेळ साधता आली पाहिजे, म्हणून आधी तेवढं शिकून घ्या.

कोकणात जुन्या माणसांचा एक हिशोब असतो, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ. आपल्याला हवी ती तिथी म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया, कारण तेव्हा उधाण असतं, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं, आणि ती ओहोटी येते सकाळी सात ते साडेआठच्या मध्ये, पोरांना न्यायला एकदम सोयीची. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. तर भिंतीवरचं कॅलेंडर काढा, या तिथ्यांपैकी रविवारी कुठली येते ते बघा, आणि मग मोबाईलवर मुंबईचं टाइड टेबल उघडून खात्री करा, तिथीच्या हिशोबात थोडं मागेपुढे होतं. ओहोटीची उंची एक मीटरच्या खाली हवी, शून्याच्या जितकी जवळ तितकं भारी.

जून ते सप्टेंबर नाही म्हणजे नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका उगाच जाहीर करत नाही, आणि लाटा तर त्याहून बेभरवशाच्या.

दिवस ठरला की माणसं मोजा. दहा-बारा पोरं पुरे, चार पोरांमागे एक मोठं माणूस. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं 'शोअर वॉक, सर्वांना आमंत्रण' टाकलंत तर साठ जण येतील आणि त्यातले चाळीस फोटो काढायला, हे माझं स्पष्ट मत. आणि हो, क्लीनअप ड्राइव्ह त्याच दिवशी ठेवू नका. प्लास्टिक उचलणं चांगलंच आहे, पण मान खाली घालून पिशव्या भरणारं पोर डबक्यात बघत नाही, त्यासाठी वेगळा रविवार काढा.

पायात चपला-फ्लोटर नकोत, जुने ग्रिपवाले बंद बूट हवेत, भिजले तरी चालतील असे. हिरवं शेवाळ घसरवतं आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पाणी, टोपी, भिंग, प्यायच्या पाण्याची एक जादा बाटली जखम धुवायला, अँटिसेप्टिक, बस. जाळी आणि बरण्या घरी ठेवा, एकही जीव घरी आणायचा नाही.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की अर्ध्या तासात निघा. भरती सुरुवातीला हळू चढते म्हणून माणूस निवांत राहतो, मग ती वेग धरते, आणि पहिल्यांदा भरते ती समोरची नाही तर तुमच्या पाठीमागची घळ. त्यामुळे एका मोठ्या माणसाचं काम एवढंच, घड्याळ आणि मागची वाट बघत राहणं.

आता बघायचं कसं. सगळे एक किलोमीटर चालत जातात आणि म्हणतात काहीच नव्हतं. एक डबकं निवडा, सावली पडणार नाही असे उकिडवे बसा, आणि पाच मिनिटं गप्प. आधी काहीच हलत नाही, मग जो शंख वाटत होता तो चालायला लागतो, जो दगड वाटत होता त्याला डोळे फुटतात. दगड उलटायचाच असेल तर मोठ्या माणसानेच उलटावा आणि होता तसाच परत ठेवावा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. हात लावायचा नाही हा नियम मात्र सगळ्यांना: कोन स्नेल ही शंखातली गोगलगाय विषारी असते, पाकट माशाच्या शेपटीला काटा असतो, हाजी अलीच्या खडकांवर गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड (प्रवाळांचे मऊ भाऊबंद) दिसतात त्यांच्यातल्या काही जातींत जबर विष असतं. प्रवाळ पण दिसतील, मुंबईत प्रवाळ आहेत हे ऐकून पालकच जास्त चकित होतात. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या काही प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या होत्या, २०२० मध्ये. वन्यजीव कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे, तुकडासुद्धा उचलायचा नाही.

जवळ कोळीवाडा असेल तर तिथल्या कोणाला तरी बरोबर घ्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट ज्ञान मागू नका. खडकावर कालवं काढत बसलेली मावशी दिसली तर आधी विचारा, 'मावशी, बघू का जरा?', मग पोरांना पुढे करा, कॅमेरा नंतर. कुठली डबकी आधी भरतात, पूर्वी काय मिळायचं आणि आता काय मिळत नाही, हे तिला पाठ असतं.

किनारा लांब पडणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांनी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठावं, वनखात्याच्या कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) कक्षाचं आहे, चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, बोटीची वेळ आधी विचारून जा.

घरी आल्यावर फोटो आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर टाका, जागा आणि तारीख बरोबर भरा, नाव माहीत नसेल तर 'खेकडा' एवढंच लिहा, जाणकार पुढचं सांगतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून असंच नोंदवत आलाय, त्यांचे वॉक असतात, पहिल्यांदा स्वतः न्यायची धाकधूक वाटत असेल तर आधी त्यांच्याबरोबर जाऊन या. आणि किनाऱ्यावर कासव किंवा डॉल्फिन पडलेला दिसला, जिवंत असो की मेलेला, तर पोरांना लांब ठेवा, पाण्यात ढकलू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.