जुन्या पेपरातली औषधाची जाहिरात कशी वाचावी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी पेपरांचा गठ्ठा सोडला की अग्रलेखापर्यंत पोचायच्या आत जाहिराती अडवतात. गोळ्या, मलमं, काढे, धातुपुष्टीची चूर्णं, सगळं 'रामबाण' नाहीतर 'अक्सीर', आणि खाली बारीक टाइपात समाधानी गिऱ्हाइकांचे अभिप्राय. आपण हसतो आणि पान उलटतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. औषधाचा गुण या अभिप्रायांतून कळत नाही हे खरं, पण त्या काळी माणूस कोणाच्या शब्दावर खिशातून रुपया काढत होता, ते मात्र फार नेमकं कळतं. ते कसं शोधायचं, त्याची ही रीत.

आधी एकच औषध धरा

सगळ्या जाहिराती टिपायला बसलात तर आठवड्यात कंटाळाल. एक औषध निवडा, एक वर्ष निवडा. 'केसरी' साप्ताहिक होता, दर मंगळवारी निघायचा, म्हणजे वर्षाचे बावन्न अंक. त्यातला दर महिन्याचा पहिला अंक पुरे. मग पाच वर्षं पुढे जाऊन तेच औषध पुन्हा शोधा.

फायली मोठ्या जुन्या ग्रंथालयांत मिळतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. जाण्याआधी फोन करा, कारण जीर्ण फायली हातात देत नाहीत. मासिकांच्या बाबतीत एक मेख आहे. बाइंडिंग करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं पुष्कळदा काढून टाकलेली असतात. जाहिरात सापडली नाही म्हणजे ती छापलीच नव्हती, असं लगेच धरू नका.

अंकावर फक्त शक दिसला तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या अंकाला ७९.

उतरवताना मजकूर सुधारू नका

'हिंवताप', 'नाहीं', 'मागविलीं', जसं आहे तसं. औषधाचं नाव, पत्ता, रोगांची यादी, किंमत, टपालखर्च आणि 'एजंट पाहिजेत' ही ओळ असल्यास तीही. रोगांची यादी क्रमासकट घ्या. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघडकीला आला. तुमच्या गोळ्यांच्या यादीत त्यानंतर 'प्लेग' हा शब्द शिरला का, तेवढं बघा. गोळी तीच आणि रोग मात्र नवा, असं दिसलं तर ती नोंद लाल शाईने करावी.

किंमतीशेजारची 'व्ही. पी.' (व्हॅल्यू पेएबल) ही अक्षरं सोडू नका. टपालखात्याने ही सोय १८७७ मध्ये आणली आणि १८८० पासून मनीऑर्डरही टपालातून जाऊ लागली. त्याआधी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवायचे म्हणजे जिवावर यायचं. आता पोस्टमन पुडकं घेऊन दारात उभा राहणार आणि पैसे तेव्हा द्यायचे. दुकान नसलेल्या गावातही औषध विकता येऊ लागलं, पण गावात विकणाऱ्याचं तोंड कोणी पाहिलेलं नसायचं. ही उणीव भरून काढायला अभिप्राय होते.

अभिप्रायाची ओळ न् ओळ सोडवा

खरा वेळ इथे घालवायचा. एक मासला घेऊ. हा मी त्या धाटणीवर रचलेला आहे, कुठल्या जाहिरातीतला नाही:

'आपल्या गोळ्यांची एक पेटी व्ही. पी. नें मागविली. तीन दिवसांत माझ्या कुटुंबाचा जुनाट हिंवताप गेला. आणखी सहा पेट्या ताबडतोब पाठवाव्या. — हेडक्लार्क, मामलेदार कचेरी.'

'तीन दिवसांत.' हिवताप मुळात पाळीचा. एक दिवस सोडून किंवा दोन दिवस सोडून येतो, मध्ये माणूस हिंडतो-फिरतो. तीन दिवसांचं बरं वाटणं ही रोगाचीच चाल असू शकते. पुढच्या पाळीची थंडी भरायच्या आत पत्र लिहिलं गेलं असेल.

'माझ्या कुटुंबाचा.' म्हणजे बायकोचा. ताप तिला, गोळ्या तिने खाल्ल्या, सही नवऱ्याची. तिला काय वाटलं ते पत्रात नाही. तुमच्या वहीत 'रोगी कोण' आणि 'सही कोणाची' असे दोन वेगळे रकाने हवेत.

'आणखी सहा पेट्या.' ताप गेला ना? मग सहा कोणासाठी? शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी असतील, किंवा हेडक्लार्कसाहेब कमिशनवर पेट्या खपवत असतील. याच गावाचं नाव पुढे एजंटांच्या यादीत येतं का, ते ताडून पाहा.

आणि 'हेडक्लार्क, मामलेदार कचेरी'. वैद्य नाही, डॉक्टर नाही. सरकारी कचेरीतली खुर्ची हीच इथली साक्ष. वर्षभराचे अभिप्राय जमले की हुद्द्यांची बेरीज करा: संस्थानिक किती, वकील किती, मास्तर, स्टेशनमास्तर, डॉक्टर किती. माझ्या मते सगळ्या खटाटोपाचं फळ या बेरजेत आहे.

तेच पत्र पुन्हा भेटतं का, ते पाहा

पाच वर्षांनी तेच पत्र तारीख गाळून आलं असेल तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. पत्र खरं असलं तरी ते याच औषधासाठी दिलेलं होतं का, हाही प्रश्न असतो. हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम हिंदुस्थानातही खपत. थॉमस हॉलोवेने १८३७ मध्ये लंडनमध्ये मलमाची जाहिरात सुरू केली तीच मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या हर्बर्ट मेयो या सर्जनचं पत्र छापून. त्याआधी फेलिक्स अल्बिनोलो नावाचा इटालियन माणूस आपलं मलम सेंट थॉमस हॉस्पिटलात दाखवून आला होता, आणि ती ओळख करून दिली होती हॉलोवेनेच! अल्बिनोलोने लगेच उलट जाहिरात दिली: हे मलम नकली आहे आणि त्या पत्राला काही किंमत नाही. हॉलोवे पुढे गडगंज झाला.

पुडीत काय होतं, ते थोडक्यात

विलायती औषध असेल तर हे काम सोपं आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ आणि १९१२ मध्ये अशा गुप्त औषधांची पृथक्करणं पुस्तकरूपाने छापली. बीचमच्या गोळ्यांत निघालं कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांचा माल अर्ध्या फार्दिंगचा, पेटीची किंमत १ शिलिंग दीड पेनी (फार्दिंग म्हणजे पाव पेनी, शिलिंग म्हणजे बारा पेनी). म्हणजे एकशे आठ पट. देशी औषधांच्या बाबतीत पाठाचं, म्हणजे वैद्यकग्रंथातल्या कृतीचं, नाव दिलेलं असेल तरच पुढे जाता येतं. आणि हौसेने घरी करून पाहू नका, जुन्या पाठांत पारा-सोमल (आर्सेनिक) असतो.

जाहिरात बातमीच्या वेषात असेल

डॉ. विल्यम्सच्या 'पिंक पिल्स' कॅनडाच्या, पण त्यांच्या जाहिराती साम्राज्यभर स्थानिक बातमीसारख्या छापल्या जात. वर मथळा, मग कोणाच्यातरी आजारपणाची करुण कहाणी, आणि गोळीचं नाव अगदी शेवटी. म्हणून बातम्यांचे रकानेही तळापर्यंत वाचा. पेपर कोणाचा, हेही बघा. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत सुरू करणारे काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक काढलं.

स्पर्धा असेल तर अटी आधी वाचा

अभिप्रायात वाचक फुकट जाहिरात लिहितो. स्पर्धेत तो तीच हौसेने लिहितो, तीही शेकड्यांनी. उत्तम नमुना कलकत्त्याचा. हेमेंद्रमोहन बोस यांचं 'कुंतलीन' केशतेल आणि 'देलखोश' अत्तर. तेल काही औषध नव्हे, पण युक्ती तीच. १८९६ मध्ये त्यांनी कथास्पर्धा लावली. अट अशी की गोष्टीत मालाचा उल्लेख यावा, पण गोष्ट जाहिरात वाटू नये. पहिलं बक्षीस निनावी आलेल्या एका गोष्टीला मिळालं. तापातून उठलेल्या माणसाचे केस गळताहेत, तो समुद्रप्रवासाला निघतो, सामानात मुलीने तेलाची बाटली घातलेली असते. वादळ उठतं, तो बाटली लाटांवर ओततो आणि समुद्र शांत होतो. लिहिणारे होते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस. तेलाने पाण्याचा पृष्ठताण उतरतो हे त्यांना माहीत, आणि केशतेलाच्या जाहिरातीची थट्टाही त्यात झालीच. बक्षीस देणाऱ्यालाही ती चालली, कारण बाटलीचं नाव घरोघर गेलं.

तेव्हा अटी शब्दशः उतरवा: मालाचं नाव किती वेळा, प्रवेशिकेबरोबर वेष्टन पाठवायचं का, छापण्याचा हक्क कोणाचा. मग निकालाचा अंक शोधा. विजेत्यांची नावं टिपताना पुढचा रकाना मोकळा सोडा. याच स्पर्धेत १९०३ मध्ये 'मंदिर' नावाची गोष्ट पहिली आली. निकालात नाव सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय यांचं, गोष्ट त्यांच्या भाच्याची. भाचा म्हणजे पुढे नावाजलेले बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय.