परदेशात दागिने, घड्याळ, गॅजेट्स अंगावर वागवताय? या चुका टाळा

परदेशी निघताना 'हे घालू की घरी ठेवू' हा प्रश्न बहुतेक जण किमतीवरून सोडवतात. महाग ते कपाटात, स्वस्त ते अंगावर. हिशेब सोपा आहे, पण अर्धवट आहे. वस्तू गेली की तिच्याबरोबर आणखी काय काय अडकून पडतं, हे कुणी धरतच नाही. साखळी गेली तर जीव हळहळतो, पण प्रवास पुढे चालू राहतो. फोन गेला तर बोर्डिंग पास, हॉटेलचं बुकिंग, बँकेचा ओटीपी, नकाशा आणि घरच्यांचे नंबर असं सगळं एका झटक्यात जातं. तरी लोक काळजी करतात साखळीची, आणि फोन मात्र कॅफेच्या टेबलावर उघडा टाकून गप्पा मारत बसतात.

'खोटंच तर आहे, गेलं तर गेलं'

दागिन्यांबाबतची ही सगळ्यात मोठी चूक. चोर रस्त्यात उभा राहून सोनं कसाला लावत नाही. त्याला चकाकी दिसते आणि तो हात घालतो. साखळी खोटी असली तरी हिसका बसतो तो खऱ्या मानेला, आणि बाळ्या ओढल्या गेल्या तर कानाची पाळी फाटते. नकली दागिन्याने पैसे वाचतील, माणूस वाचेलच असं नाही. लक्ष वेधून घेणारं काहीही, खरं वा खोटं, गर्दीच्या जागी न घातलेलंच बरं.

घड्याळाचंही तेच. बार्सिलोना, नेपल्स, लंडन या शहरांत मनगटावरचं नामांकित घड्याळ हेरून, मागोमाग येऊन ते काढून घेणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. नक्कल केलेलं ब्रँडेड घड्याळ घालणाऱ्याला तर दुहेरी फटका. चोर त्याला खरं समजतो, आणि फ्रान्ससारख्या देशात बनावट ब्रँडची वस्तू जवळ बाळगणं हाच कस्टम्सचा गुन्हा आहे. वेळ बघायला साधं, बिननावाचं घड्याळ पुरतं.

अंगठीचा मामला थोडा वेगळा. कायम बोटात असलेली साधी अंगठी चोरापेक्षा आपल्याच काढ-घालीत हरवते. विमानात बोटं सुजतात म्हणून ती काढली जाते, समुद्राच्या गार पाण्यात बोटं आकसतात आणि ती आपोआप सुटते, हात धुताना बेसिनच्या कडेला ठेवली जाते. म्हणून एकतर ती बोटातून काढायचीच नाही, नाहीतर घरीच ठेवायची. पोहायला जाणार असाल तर दुसरा पर्याय.

सिक्युरिटीच्या रांगेत उशिरा जागं होणं

विमानतळावर आपला ट्रे पुढे सरकतो, मेटल डिटेक्टरपाशी आपण अडकतो. पट्टा काढा, बूट काढा, परत या, हात वर करा. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला आपला फोन, घड्याळ आणि पाकीट उघड्या ट्रेमध्ये येऊन थांबलेलं असतं आणि आजूबाजूला दहा अनोळखी हात आपापलं सामान उचलत असतात. दर वेळी चोरीच होते असं नाही, पुष्कळदा घाईत कुणाच्या तरी सामानाबरोबर आपली वस्तू जाते.

इलाज अगदी साधा. रांगेत उभं राहण्याआधीच घड्याळ, फोन, नाणी असं सगळं हँडबॅगच्या चेनवाल्या कप्प्यात टाकायचं. लॅपटॉप वेगळा काढावा लागला तरी तो बॅगेच्या लगेच पुढे ठेवायचा, आणि पुढचा माणूस डिटेक्टरमधून पार झाल्याशिवाय आपला ट्रे आत ढकलायचा नाही. मागचे चुळबुळ करतील. करू द्या.

फोन 'हातातच तर आहे' म्हणून निर्धास्त राहणं

एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसचं लूव्र संग्रहालय एक दिवस बंद राहिलं होतं. कारण काय, तर पाकीटमारांच्या त्रासाला कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं. कॅमेरे आणि पहारेकरी असलेल्या जागी ही गत, मग रोमच्या टेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या खच्चून भरलेल्या बसची काय कथा! ती बस पाकीटमारीसाठी इतकी बदनाम आहे की गाइड तिचं नाव घेऊनच सावध करतात.

पण पाकीटमार आणि फोन हिसकावणारा हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि दोन्हींना एकच उपाय लावणं ही चूक फार जण करतात.

पाकीटमाराला गर्दी लागते आणि तुमचं लक्ष दुसरीकडे लागतं. कुणी सह्यांचा कागद पुढे करतं, कुणी मनगटात धागा बांधायला येतं, कुणी तुमच्या शर्टावर काहीतरी सांडल्याचं दाखवून पुसायला धावतं. टेबलावरच्या फोनची युक्ती तर बघण्यासारखी आहे. एक जण मोठा नकाशा घेऊन येतो, पत्ता विचारतो आणि नकाशा नेमका तुमच्या फोनवर पसरतो. तुम्ही नम्रपणे 'माहीत नाही' म्हणता, तो आभार मानतो, नकाशा उचलतो. नकाशाखाली धरलेला फोनही त्याच्याबरोबर उचलला जातो. तुम्हाला कळेपर्यंत तो कोपऱ्यावरून वळलेला असतो. अशा ठिकाणी बॅग छातीवर तिरकी अडकवलेली आणि पुढे घेतलेली हवी, आणि फोन टेबलावर नकोच.

हिसकावणाऱ्याला उलट मोकळा रस्ता लागतो. लंडनमध्ये तो ई-बाइकवरून फुटपाथच्या कडेने येतो, हो ची मिन्ह सिटीत मोटरसायकलवरून. मेट्रोत दाराशी उभं राहून फोन बघणाऱ्याच्या हातातून तो दार मिटता मिटता ओढला जातो. चोर बाहेर, तुम्ही आत, गाडी सुटलेली. इथे तीच तिरकी बॅग घातक ठरू शकते, कारण पट्टा तुटला नाही तर माणूस गाडीमागे फरफटतो. त्यामुळे वाहनांवरून हिसके मारणाऱ्यांच्या शहरात बॅग रस्त्याच्या बाजूला नव्हे, भिंतीच्या बाजूला ठेवायची. नकाशा बघायचा असेल तर एखाद्या दुकानात शिरायचं किंवा भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आणि कुणी ओढलंच, तर सोडून द्यायचं.

रस्त्याने चालताना कानात आवाज बंद करणारे मोठे हेडफोन घालणं मला तर वेडेपणाच वाटतो. मागून येणारी बाइक ऐकू येण्याची एकमेव सोय आपणच बंद करतो, वर ते हेडफोनही महागाचे असतात.

फोन उघडा असताना गेला तर काय, याचा विचार न करणं

हातातून ओढलेला फोन बहुधा अनलॉक असतो. म्हणजे चोराला फोनबरोबर तुमचा ईमेल मिळतो, आणि ईमेल मिळाला की पासवर्ड बदलायला वाट मोकळी. यावर दोन सेटिंग्ज निघण्याआधी चालू करा. आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे, आयओएस १७.३ पासून म्हणजे जानेवारी २०२४ पासून. पासकोड चोरून पाहिला असला तरी ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोटाचा ठसा लागतो, शिवाय एक तास थांबावं लागतं. हे बंधन फक्त अनोळखी जागी न ठेवता 'नेहमी' असं निवडा. अँड्रॉइडमध्ये 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' आहे; फोन झटक्याने ओढून कुणी पळालं किंवा गाडीवरून निघालं तर त्या हालचालीवरून स्क्रीन आपोआप लॉक होते. त्याच्याच शेजारी 'रिमोट लॉक' असतं, तेही चालू करा. त्याने नुसत्या फोन नंबरवरून दुसऱ्या कुणाच्याही फोनवरून आपला फोन लॉक करता येतो.

सिमला पिन लावणं जवळपास सगळेच विसरतात. प्लास्टिकचं सिम चोराने काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी त्याच्याकडे. पिन असेल तर तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर सिम अडकतं. ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम, असं काढता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

सगळं एकाच जागी

फोनच्या कव्हरमध्ये मागे कार्ड, त्याच्यामागे घडी केलेली नोट. दिसायला सोयीचं, पण एका हिसक्यात फोन, पैसे आणि ते परत मिळवायचं साधन तिन्ही जातं. दुसरं कार्ड, थोडी रोकड, पासपोर्टची प्रत आणि ईमेल खात्याचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिन करायला लागणारे) कागदावर छापून वेगळ्या बॅगेत ठेवा. घरच्या दोन माणसांचे नंबर पाठ असू द्या. किंवा निदान कागदावर.

कमरेचा मनीबेल्ट चांगला, पण भर तिकीट खिडकीवर शर्ट वर करून त्यातून नोटा काढल्या की तो कुठे आहे हे सगळ्या स्टेशनला कळतं. दिवसभराचे पैसे सकाळीच खिशात घ्यायचे. आणि कार्डातली माहिती कुणी दुरून वाचू नये म्हणून विकली जाणारी 'आरएफआयडी रोखणारी' पाकिटं विकत घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण रस्त्यावर पाकीट जातं ते हाताने, रेडिओलहरींनी नाही.

हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीवरही आंधळा विश्वास नको. आधी ती भिंतीला किंवा कपाटाला बोल्टने जखडलेली आहे का ते हलवून बघा. तसं नसेल तर ती बॅगेसारखी उचलून नेता येते. मग तिच्यात ठेवायचं सामान रिसेप्शनवर पावती घेऊन ठेवलेलं जास्त बरं.

चेक-इन बॅगेत मौल्यवान वस्तू

'अंगावर नको, मग बॅगेत टाकू' हा सल्ला अर्धाच ऐकला जातो आणि दागिने, कॅमेरा चेक-इन बॅगेत जातात. विमान कंपन्यांच्या अटी वाचल्या तर दागिने, रोकड, इलेक्ट्रॉनिक्स चेक-इनमध्ये ठेवू नका, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या मॉन्ट्रियल कराराखाली सामानासाठीच्या भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा सगळ्या बॅगांसाठी मिळून आहे, दर बॅगेला नाही.

पॉवर बँक तर चेक-इनमध्ये चालतच नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठीला बंदी. पॉवर बँकेवर वॅट-अवर छापलेले नसतील तर एमएएचला ३.७ ने गुणून १००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. छापील आकडे पुसट झाले असतील तर सिक्युरिटीवाले ती ठेवून घेऊ शकतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान जळाल्यानंतर बऱ्याच आशियाई कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायलाही मनाई केली आहे, म्हणून फोन निघण्याआधीच भरून घ्या. आणखी एक फजिती गेटवर होते. विमान भरलं की केबिन बॅग खाली पाठवायला सांगतात. त्या क्षणी पॉवर बँक, सुटे सेल, लॅपटॉप, दागिने बाहेर काढायला हवेत, म्हणून ते सगळं आधीपासून एका छोट्या पिशवीत एकत्र ठेवा.

त्या देशाचा नियम न बघणं

ड्रोन घेऊन मोरोक्को किंवा इजिप्तला उतरलात तर तो विमानतळावरच काढून घेतला जातो. महागडा कॅमेरा किंवा दागिने घेऊन परत येताना 'हे तिकडे घेतलं का?' असा प्रश्न येऊ शकतो. जुनं बिल, सिरीयल नंबरसह फोटो जवळ असावेत, आणि निघतानाच कस्टम्सकडे नोंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. अमेरिकेत त्यासाठी ४४५७ नंबरचा फॉर्म आहे.

आणि तरीही गेलंच, तर

इथे क्रम चुकतो. लोक आधी चोराच्या मागे धावतात, मग पोलिसांत जातात, आणि बँकेची आठवण संध्याकाळी होते. आधी कुणाचा तरी फोन मागून घ्या आणि आपला फोन 'लॉस्ट' म्हणून लॉक करा. नवीन उपकरणावरून लॉगिन करताना कोड जुन्याच फोनवर येतो, हा नेहमीचा अडथळा. पण आयफोन असेल तर ॲपलच्या आयक्लाउड साइटवर फोन शोधायचं पान त्या कोडशिवायही उघडतं. मग सिम बंद करा, कार्डं थांबवा, ईमेलचा पासवर्ड बदला. पोलिसांत तक्रार त्यानंतर, पण त्याच दिवशी, कारण पुष्कळ विमा पॉलिसींना ती २४ तासांत केलेली लागते. तक्रारीत आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवा. तो *#०६# दाबल्यावर दिसतो, पण चोरी झाल्यावर दाबणार कुठे? आजच लिहून ठेवा. पॉलिसीत एका वस्तूची कमाल मर्यादा किती, आणि 'लक्ष नसताना' गेलेल्या वस्तूची भरपाई आहे का, हेही निघण्याआधीच बघावं लागतं.

चेक-इन बॅग फुटलेली किंवा आतलं काही गेलेलं दिसलं तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर नोंद करा. लेखी तक्रारीला बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांची मुदत असते, उशिरा आलेल्या बॅगेबाबत २१ दिवसांची.

नकाशावर फोन कुठल्या तरी गल्लीत दिसत असला तरी स्वतः तिथे जाऊ नका, ते ठिकाण पोलिसांना दाखवा. फोनमधला डेटा दुरून पुसायला हरकत नाही, पण फोन खात्यातून काढून टाकू नका. खात्यात असेपर्यंत आयफोन दुसऱ्याला चालू करून वापरता येत नाही, आणि चोरालाही ते ठाऊक असतं. म्हणून काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, 'तुमचा फोन सापडला आहे, इथे लॉगिन करा' असा मेसेज येतो. दिसायला अगदी कंपनीचाच. लिंक उघडू नका, पासकोड कुणाला सांगू नका, पुढे धमकीचे मेसेज आले तरी उत्तर न देता नंबर ब्लॉक करा.