विस्मरणात गेलेल्या भावगीताचा व्हिडिओ घरी करताय? या चुका टाळा

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीला दोन बाजू असायच्या आणि प्रत्येक बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं एक गाणं. एका बाजूचं भावगीत रेडिओवर वाजून वाजून घरोघरी पोचलं, की पाठीमागचं बरेचदा मागेच राहायचं. अशा मागे राहिलेल्या गाण्यांवर जीव जडलेली माणसं आता घरच्या घरी व्हिडिओ करून ती नेटवर चढवतात. हे काम फार मोलाचं आहे, म्हणून त्यातल्या टाळता येण्याजोग्या चुका पाहिल्या की हळहळ वाटते. बहुतेकींचं मूळ एकच: गाणं ऐकवण्याऐवजी ते दाखवण्याची घाई.

आवाज कुठून घेतलात?

कुणीतरी चढवलेली फाइल उतरवून घ्यायची, ती एडिटिंग करताना पुन्हा दाबली (कॉम्प्रेस) जाते, अपलोड करताना आणखी एकदा. गाणं श्रोत्यापर्यंत येतं तेव्हा त्यातली व्हायोलिनं बोथट झालेली असतात. तबकडी मिळत असेल तर तिच्यावरूनच घ्या, मात्र एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या बारीक खाचांच्या तबकडीची सुई लावू नका. ७८च्या खाचा रुंद असतात. त्यांना साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची जेमतेम २५ मायक्रॉनची. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर दुप्पट ऐकू येते. रेकॉर्डिंग स्टिरिओत झालं असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करा. बरीच खरखर तिथेच कमी होते आणि गाणं एकाच कानात वाजण्याची तक्रारही उरत नाही.

उरलेली खरखर शून्यावर आणायचा मोह मात्र आवरा. ‘स’, ‘श’चे उच्चार, तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजारव) आणि गाणाऱ्याचा श्वास आवाजाच्या त्याच उंच पट्ट्यात असतात. सगळं पुसलंत, की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये आधी टकटक काढा, मग गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेचा नमुना देऊन खरखर सहाएक डेसिबलनेच उतरवा. मग डोळे मिटून ऐका. शब्दाच्या शेवटी आवाज कापल्यासारखा वाटला, तर जास्त झालं.

चंद्र म्हटला की चंद्र

सगळ्यात जास्त व्हिडिओ इथे बिघडतात. ओळीत चंद्र आला की पडद्यावर चंद्र, नदी आली की ड्रोनमधून घेतलेली नदी, ‘सखी’ आली की कुठल्यातरी जाहिरातीतली मुलगी. कवीने एका ओळीत जे सुचवून ठेवलं, त्यावर आपण चित्र चिकटवतो आणि ऐकणाऱ्याच्या मनातलं चित्र पुसून टाकतो. शिवाय दर दोन सेकंदांनी दृश्य बदललं, की कान मागे पडतात.

भावगीताची बांधणीच तुम्हाला वाट दाखवते. ध्रुवपदाला एक चित्र धरा आणि ते टिकू द्या. दोन अंतऱ्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यावर ते बदला, अंतऱ्याच्या मधोमध नको. अंतरा संपून गायिका ध्रुवपदावर परत येते, तिथे पहिलंच चित्र परत येऊ दे. चित्रं कमी असली तरी चालेल. तबकडीचं लेबल जवळून, नीट उजेडात काढलेलं असेल, तर पूर्ण एक अंतरा तेवढ्यावर निघतो: कंपनीचं चिन्ह, झिजलेली सोनेरी अक्षरं, मधल्या भोकाभोवतीचे ओरखडे. मला तर हेच सगळ्यात आवडतं.

फिरती तबकडी मोबाइलवर चित्रित केली असेल आणि सुई व आवाजाचा मेळ शेवटी-शेवटी सुटत असेल, तर दोष बदलत्या फ्रेम रेटचा (सेकंदाला किती चित्रं, याचा) असतो. एडिटिंगआधी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या प्रोग्राममधून स्थिर फ्रेम रेटवर आणा.

नावांचा घोळ

मराठी संगीतात वसंत पुष्कळ. ‘सांगत्ये ऐका’चे वसंत पवार, ‘अमर भूपाळी’चे वसंत देसाई, गीतकार पी. सावळाराम आणि लताबाईंबरोबरच्या भावगीतांचे वसंत प्रभू. एकाचं गाणं दुसऱ्याच्या फोटोखाली सर्रास फिरतं. माणिक दादरकर आणि माणिक वर्मा या दोन गायिका नव्हेत. लग्नाआधीच्या तबकड्यांवर पहिलं नाव आहे. ‘आनंदघन’ हे लता मंगेशकरांनी संगीतकार म्हणून घेतलेलं नाव. गीतकाराचं नाव तर सर्रास गाळलं जातं, आणि हे मला सहन होत नाही. शब्द ज्याचे, त्याचं नाव गायिकेच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात हवं.

शब्द पडद्यावर देत असाल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते का, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ तुटतो का, ते पाहा. प्रीमियर या एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. ते जमत नसेल तर ओळी दुसरीकडे टाइप करून चित्र म्हणून आणा. मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे आणि लहान पडद्यावरही वाचता येतो.

हक्कांचं काय?

‘कॉपीराइट भंग करण्याचा हेतू नाही’ असं खाली लिहिल्याने काहीही संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६३ सालच्या तबकडीचा २०२३ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकारांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. सावळाराम १९९७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५७ अखेरपर्यंत आहे. यूट्यूबवर ‘क्लेम’, म्हणजे हक्कदाराचा दावा, आला म्हणून घाबरून व्हिडिओ उडवू नका. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, क्वचित व्हिडिओ अडवला जातो. ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढल्याचा ठपका, ही निराळी गोष्ट. ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेल जाऊ शकतं.

एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही, वर्णन मात्र केव्हाही बदलता येतं. म्हणून पडद्यावर फक्त लेबलवरून खात्री झालेली नावं घाला. व्हायोलिन कुणाचं, तबल्यावर कोण, हे वर्णनात ‘माहिती हवी आहे’ म्हणून मोकळं सोडा. त्या वादकांच्या घरचं कुणीतरी ऐकतं आणि नाव कळवतं.