वायरीतून कोणी डोकावत असेल तर

मी नागपूरच्या महाल भागात राहते. एकतीस वर्षं प्रेसमध्ये प्रुफं वाचली, कॉम्प्युटरचं ज्ञान बेताचंच. उन्हाळ्यात एका जुन्या साइटवर पंचांग पाहताना खाली प्लॉटच्या जाहिरातीची पट्टी दिसायला लागली. मोबाइलच्या नेटवर पट्टी गायब. केबलवाला पोरगा म्हणे, "काकू, व्हायरस असंन." घरातल्या तीन यंत्रांना एकच व्हायरस, तोही फक्त त्याच्याच वायरीतून!

इंटरनेट कंपनीच मधे काहीतरी घुसवते आहे, असा मला संशय आला. तर आधी पुरावा. ज्या पत्त्यात एचटीटीपीनंतर एस नाही, अशी साइट घ्या. एस असलेल्या पानात कंपनीला मधेच काही घुसवता येत नाही. (तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे बहुधा तरीही कळतं, आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो म्हणजे खाजगी खिडकीने ते लपत नाही.) कंट्रोल आणि यू दाबा, पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ मजकूर, दिसेल. एकदा ब्रॉडबँडवर, लगेच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मी दोन्हींच्या प्रिंट काढल्या आणि लाल पेन घेऊन ओळीला ओळ लावून वाचल्या. ब्रॉडबँडच्या प्रतीत शेवटून तिसरी ओळ जास्तीची निघाली, 'स्क्रिप्ट'ने सुरू होणारी, भलत्याच पत्त्याची. तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा आणि मूळ फाइल पुसू नका. पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र सोबत जोडलेलं बरं.

या ओळीने पाळत सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा. कोणीतरी मधे हात घातला एवढंच सिद्ध होतं. प्रश्न विचारायला तेवढं पुरे.

फोनवर भांडण्यात अर्थ नाही. लेखी तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय सोडू नका. मी तीनच प्रश्न लिहिले: ही ओळ कोणी टाकली? माझी संमती कुठे आहे, तिची प्रत द्या. मी पाहिलेल्या साइटींची नोंद कोणाला दिली? "नोंदी ठेवणं परवान्यानेच बंधनकारक आहे" असं उत्तर आलं. खरं आहे ते, काही नोंदी ठेवाव्याच लागतात. पण मी ठेवण्याबद्दल नाही, देण्याबद्दल विचारलं होतं.

असं गोलमोल उत्तर आलं की कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. मुदत 30 दिवसांची, फी नाही, आणि निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, तिथे टपालखर्च करू नका.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, सेवेसाठी आपण भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत 2 वर्षं. अर्जात 2019 च्या ग्राहक कायद्याचं कलम 2(47) लिहाच: विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 2023 चा डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, तेव्हा एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

वकील शेजारी म्हणाले, "काकू, एवढ्याशा पट्टीसाठी?" मी म्हटलं, अमेरिकेत व्हेरायझन या टेलिकॉम कंपनीने ग्राहकांच्या मोबाइल ट्रॅफिकमध्ये न सांगता ओळखखूण घातली होती, 2016 मध्ये 13.5 लाख डॉलर भरावे लागले.

माझ्या अपिलाच्या उत्तरात "भागीदार संस्थेची सूचना" असा शब्द आला. पट्टी दुसऱ्याच दिवशी गेली. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. तो आता आयोगापुढे आहे, लाल खुणांच्या दोन प्रिंटसकट.