मालिकांतील समलिंगी पुरुष व स्त्री यांची मैत्री: चर्चासत्र कसे आखावे

फोंड्यातील वा म्हापशातील एखाद्या वाचनालयात या विषयावर चर्चा ठेवायची असेल, तर दोनच मालिका निवडाव्यात. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘विल अँड ग्रेस’ आणि २०१९ सालची भारतीय मालिका ‘मेड इन हेवन’ ही जोडी पुरेशी आहे.

भाग पाहताना प्रत्येकाने एकच प्रश्न हाताशी ठेवावा: नायिका पडद्यावर नसताना या पुरुषाला स्वतःचे आयुष्य आहे काय? अनेक मालिकांत तो केवळ तिचे कपडे निवडतो, तिचे प्रेमभंग ऐकतो आणि चुरचुरीत संवाद फेकतो. त्याचे घर, त्याचे भय, त्याचे प्रेम यांना कथानकात जागाच मिळत नाही. विल हा वकील म्हणून, ग्रेसइतक्याच महत्त्वाच्या स्थानी उभा राहतो, मात्र सुरुवातीच्या भागांत तिच्या प्रेमप्रकरणांना जो अवकाश मिळतो तो त्याला मिळत नाही, हे अवश्य नोंदवावे. ‘मेड इन हेवन’मधील करण आणि तारा हे व्यवसायातील भागीदार आहेत, त्यामुळे त्यांच्या मैत्रीत पैसा, कर्ज आणि रागही येतो, करणला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली अटक होते, तो प्रसंग सावकाश पाहावा. प्रौढांतील संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा आहे, हे आधीच सांगून ठेवावे.

उपस्थितांपैकी कोणालाही स्वतःविषयी बोलण्याचा आग्रह करू नये. गाव लहान असते. (विनोदांवर हसू आले तर हसावे, फक्त तो विनोद कोणावर आहे हे लिहून ठेवावे.)